रंग सांडले, चित्र राहिलं

नवरात्र उलटली तरी यंदा पाऊस हटला नाही, कागद महागच राहिला आणि जाहिरातदारांनी नेहमीप्रमाणे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं. वर्षाचा आढावा एवढाच. संपादकांना वर्षभर सलत राहिला तो एक जुना चित्रपट.

या अंकातल्या ‘छापील चित्र’ या विभागाची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हापासून जो लेखक भेटे तो आधी विचारी, ‘रंगरसिया’ पाहिलात ना? चित्रकार राजा रविवर्मा म्हटलं की आता त्यातला रणदीप हुडा आठवतो. २००८ मध्ये तयार झालेला हा चित्रपट भारतात पडद्यावर यायला ७ नोव्हेंबर २०१४ उजाडला. आधार रणजित देसाईंच्या कादंबरीचा, दिग्दर्शक ‘मिर्च मसाला’वाले केतन मेहता. मराठी वाचकानं डोळे मिटून तिकीट काढावं असा योग.

हाती काय लागलं? कोर्टातली भाषणं आणि प्रेमप्रकरण. सगळ्यात गाजलेल्या प्रसंगात रविवर्मा आणि त्यांची प्रेयसी सुगंधा एकमेकांना रंग फासतात. ज्यानं एकदा तरी तैलरंगाचा ब्रश धुतलाय, त्याच्या मनात तिथे शृंगार येत नाही, टर्पेंटाइन येतं. चित्रकार दिवसभर कॅनव्हासपुढे नेमकं काय करतो, याचं या चित्रपटाला कुतूहलच नाही.

त्याच २०१४ साली माइक ली यांचा, इंग्रज चित्रकार टर्नरवरचा ‘मिस्टर टर्नर’ आला. त्यासाठी टिमथी स्पॉल जवळपास दोन वर्षं चित्रकला शिकले. त्यांचा टर्नर कॅनव्हासवर थुंकतो, रंग घासतो, घुम्यासारखा गुरगुरतो. प्रेक्षकाला त्याच्या हातांवरून नजर काढवत नाही.

आणि इथे तर गोष्ट घरचीच होती! १८९४ साली रविवर्मांनी मुंबईत छापखाना काढला, यंत्रं जर्मनीची आणली. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगड घासून गुळगुळीत करायचा, त्यावर तेलकट शाईनं उलटं चित्र काढायचं, मग ओलं फडकं फिरवायचं. रंग धरतो तो शाईच्या रेघांवर, ओल्या दगडावर नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. कागद केसभर सरकला की लक्ष्मीच्या ओठांची लाली हनुवटीवर. कर्ज वाढलं आणि छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. याच छापखान्यासाठी दादासाहेब फाळक्यांनी काम केलं. देवघरातल्या तसबिरीपासून सिनेमापर्यंतचा धागा एका आवारात सापडतो, आणि चित्रपटात तो छापखाना येतो नि जातो.

आजीच्या माजघरात काचेआड जी लक्ष्मी होती, तिच्या साडीला कुणीतरी खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. अशा सजवलेल्या तसबिरी तेव्हा घरोघर असत. तो हात कुणाचा, हे शोधणारा चित्रपट अजून यायचाय. तोवर पान ३४ पासूनचे लेख आहेत. नेहमीचे वाचक ते आधी वाचतील आणि मग संपादकांना रागाची पत्रं पाठवतील.

अंक चार दिवस उशिरा आला, त्याचंही कारण लक्ष्मीच. मुखपृष्ठाचं प्रूफ तीनदा परत गेलं. साडीचा लाल रंग दर वेळी विटकरी येत होता. मशीनवरचा कारागीर शेवटी वैतागून म्हणाला, ‘साहेब, चार रंगांत एवढंच होतं.’ चौथ्या प्रुफात त्यानं किरमिजी थोडा वाढवला, निळा उतरवला आणि शीट भिंगाखाली धरून बराच वेळ काही बोलला नाही.