खोटा माल की चुकीची ओळख?



आठव्या आज्ञेचा विचार करू लागलो म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर न्यायालय व तेथील साक्षीदार उभे राहतात. परंतु शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष ओसरीवर दिली जाते, बाजारात दिली जाते, आणि हल्ली संगणकापुढे बसूनही दिली जाते. पुरती चौकशी न करता "त्याने आम्हांस फसविले" असे बोलणे हे त्याच पापाचे धाकटे भावंड होय. या आठवड्यात एका बोटभर यंत्राच्या निमित्ताने याच विषयाकडे वळू.

आमच्या धर्मग्रामातील एका वाडीत तारेचे इंटरनेट नाही. तेथील एका मातेने मुलाचा परीक्षेचा अर्ज भरता यावा म्हणून पदरचे पैसे मोडून डोंगल, म्हणजे मोबाइलच्या लहरींवर चालणारा मोडेम, विकत आणला. घरातील लॅपटॉप जुना होता. त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली होती. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा आरंभ केला आणि पुढे जगभरच्या कारागिरांनी ती वाढविली. जुन्या यंत्रावर ती बऱ्यापैकी चालते. मुलाने डोंगल लावले, तो पडद्यावर एका सीडीचे चित्र उमटले! मोडेमचा कोठे मागमूस नाही. "फादर, त्या दुकानदाराने मोडेम म्हणून सीडीचं खेळणं गळ्यात मारलं," असे ती माता मला म्हणाली. दोन दिवसांत साऱ्या वाडीत तो दुकानदार लबाड ठरला.

वस्तुस्थिती निराळी होती. अशा पुष्कळशा डोंगलांच्या पोटात थोडी साठवण असते आणि तीत विंडोज प्रणालीसाठी लागणारी कार्यावली भरलेली असते. ग्राहकास वेगळी सीडी द्यावी लागू नये म्हणून डोंगल प्रथम स्वतःच सीडीचे रूप घेते. विंडोजवर ती कार्यावली एकदा बसली, की ती डोंगलास रूप पालटण्याचा संकेत देते आणि मग ते मोडेम म्हणून उभे राहते. लिनक्सवर ती कार्यावली चालत नाही. संकेत देणारे कोणी नसले, तर डोंगल सीडीच्याच वेषात बसून राहते. यात दुकानदाराची लबाडी नाही, यंत्राचा बिघाडही नाही.

उपाय सोपा आहे. टर्मिनल उघडून रोमन लिपीतील एल, एस, यू, एस, बी ही पाच अक्षरे लागोपाठ लिहावी. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचा दुहेरी क्रमांक दिसतो. पहिला भाग कारखानदाराचा, दुसरा वस्तूचा. उदाहरणार्थ, हुआवेईची कित्येक डोंगले सीडीच्या वेषात १२डी१:१४४६ असा क्रमांक सांगतात. हा क्रमांक टिपून घ्यावा. मग यूएसबी-मोडस्विच नावाचे विनामूल्य साधन बसवावे, डोंगल काढून पुन्हा लावावे आणि क्रमांक पुन्हा पाहावा. दुसरा भाग पालटला, तर मोडेम जागा झाला असे समजावे. त्यानंतर नेटवर्कच्या मांडणीत मोबाइल ब्रॉडबँड दिसू लागते. काही डोंगलांना तर पडद्यावरील सीडी 'इजेक्ट' करणे एवढेच पुरते. वर सांगितलेल्या घरी शेजारणीचा फोन तारेने लॅपटॉपास जोडून ते साधन अर्ध्या तासात उतरवून घेतले. अर्ज वेळेत गेला.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. क्रमांकासमोर जे नाव छापून येते ते डोंगल सांगते असे नाही. बहुधा ते संगणकातील एका यादीतून घेतलेले असते. एकच क्रमांक अनेक वस्तूंस दिलेला असतो. हुआवेईचे ई १५५० हे डोंगल रूप पालटल्यावर १२डी१:१००१ हा क्रमांक सांगते, आणि त्यापुढे यादीत ई १६९, ई ६२० अशी भलतीच नावे येतात. तेवढ्यावरून माल बदलला अशी ओरड करू नये. तसेच ओळख पटूनही जोडणी होत नसेल, तर डोंगल कोणत्या पिढीचे आहे ते पाहावे. जिओने २०१६ साली सेवा सुरू केली ती ४जीचीच. ३जीपुरत्या डोंगलात ते कार्ड चालावयाचे नाही. मात्र निरनिराळ्या संगणकांवर लावूनही डोंगलाचा क्रमांक मुळीच दिसत नसेल, तर ते खुशाल परत न्यावे. तेव्हाची तक्रार न्याय्य होय.

उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायातील वृद्ध इसहाक आठवतो. त्याची दृष्टी मंदावली होती. आवाज याकोबाचा आहे हे त्याच्या कानांनी ओळखले, परंतु केसाळ हात चाचपून त्याने एसाव समजून आशीर्वाद दिला. कानांनी दिलेल्या शंकेचा पाठपुरावा केला असता, तर त्या घरातील वैर कदाचित टळले असते. तेथे मुद्दाम कपट होते. आपल्या डोंगलात तेही नाही. तरी बोध एकच: दोन साक्षी जुळत नसतील, तर निवाडा थांबवावा.

आणि निवाडा आधीच करून बसलो असलो तर? चोरलेली वस्तू परत करावी लागते, तसे घालविलेले नावही परत करावे लागते. केवळ पापनिवेदन करून ते ऋण फिटत नाही. त्या मातेने पुढल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या अंगणात, ज्यांच्यापाशी ती बोलली होती त्यांनाच गाठून, "माल चांगला होता, चूक आमची," असे सांगितले. ओसरीवर उच्चारलेला शब्द ओसरीवरच मागे घ्यावयाचा असतो. ज्याचे नाव आपण विनाकारण मलिन केले असा कोणी आठवत असेल, तर येत्या रविवारपर्यंत थांबण्याचेही कारण नाही.