काल चालत होते, आज का चालत नाही?

नवी वस्तू जुनीपेक्षा चांगलीच असणार, असे आपण सहज धरून चालतो. संगणकाच्या आज्ञावलींच्या बाबतीत हे गृहीत नेहमीच खरे ठरत नाही. एखाद्या आज्ञावलीची नवी आवृत्ती येते. तीत दहा दोष दूर झालेले असतात, चार नव्या सोयी आलेल्या असतात, आणि जुन्या आवृत्तीत बिनबोभाट होणारे नेमके एखादे काम होईनासे झालेले असते. अशा बिघाडाला संगणकाच्या क्षेत्रात ‘रिग्रेशन’ म्हणतात. आपण त्याला ‘पीछेहाट’ म्हणू. जे कधीच जमत नव्हते ते न जमणे हा साधा दोष झाला. जे काल जमत होते ते आज न जमणे ही पीछेहाट.

विद्यार्थ्यांनो, अशी पीछेहाट नजरेस आली तर ती मुकाट्याने सोसावी, की बनविणाऱ्यांना कळवावी? कळवायची तर केव्हा आणि कशी? माझे मत असे, की ती कळविलीच पाहिजे. शक्य तर आवृत्ती अधिकृतपणे बाहेर पडण्यापूर्वी. आणि प्रयोगवहीत निरीक्षण लिहावे तशा रीतीने. नाशिकसारख्या शहरातील विद्यार्थ्यांनी तर हे काम आवर्जून अंगावर घ्यावे. असे का म्हणतो, ते आता पाहू.

त्यासाठी ‘बांधणीचे साधन’ म्हणजे काय, ते आधी समजून घेतले पाहिजे. मोठ्या आज्ञावलीच्या शेकडो, कधी हजारो फाइली असतात. त्या ठराविक क्रमाने एकत्र आणाव्या तेव्हा कुठे चालणारी वस्तू तयार होते. आपल्या मिसळीचेच उदाहरण घ्या. मटकीला मोड आणून उसळ करायची, मसाला वाटून रस्सा उकळायचा, फरसाण तळायचे आणि शेवटी सारे एका ताटलीत घालायचे. रस्सा मसाल्यावर अवलंबून आहे, फरसाण नाही. मसाला बदलला तर रस्सा पुन्हा करावा लागेल. फरसाण पुन्हा तळण्याचे कारण नाही. कोणते काम कशावर अवलंबून आहे, आधी काय करायचे, पुन्हा काय करायचे आणि काय नाही, हा सारा हिशेब ठेवून आज्ञावलीची बांधणी करणारे जे साधन, त्याला ‘बिल्ड टूल’ म्हणतात. असे साधन बिघडले तर नुकसान एका आज्ञावलीपुरते राहत नाही. एका हॉटेलची मिसळ बिघडली तर तिथलीच गिऱ्हाइके हळहळतील. पण गावातल्या साऱ्या दुकानांची मापेच चुकली तर?

या साधनांचा मूळपुरुष ‘मेक’. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली तयार केले. मेकसाठी लिहायच्या फाइलीत आज्ञेची ओळ ‘टॅब’ या कळीने सुरू करावी लागते. नुसत्या मोकळ्या जागा सोडून भागत नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत असल्याने नवशिक्या माणसाला चूक सापडता सापडत नाही. ही रचना बरी नाही हे फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आले. पण तोवर डझनभर माणसे मेक वापरू लागली होती. त्यांची घडी विस्कटू नये म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. त्या डझनांचे पुढे जगभर लक्षावधी झाले आणि टॅबचा प्रघात आजही टिकून आहे. वस्तू लोकांच्या हाती गेल्यावर तीत सुधारणा करणे किती अवघड होऊन बसते, याचा हा बोलका दाखला आहे.

म्हणूनच मुक्त-स्रोत आज्ञावली बनविणारे लोक, म्हणजे आपल्या आज्ञावलीचा मजकूर सर्वांना वाचायला व बदलायला खुला ठेवणारे लोक, पक्की आवृत्ती काढण्याआधी एक चाचणी-आवृत्ती काढतात. “ही वापरून पाहा आणि काय बिघडले ते सांगा,” हा तिचा अर्थ. पुष्कळांचे म्हणणे असे, की चाचणी-आवृत्तीत दोष असायचेच, मग कळवायचे कशाला? हा युक्तिवाद उलटा आहे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. तेथे तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. नवे विमान हवाई दलाच्या स्वाधीन करण्याआधी चाचणी-वैमानिक ते उडवून पाहतात आणि खटकलेली प्रत्येक गोष्ट लिहून देतात. “चाचणीच तर आहे, खडखड व्हायचीच,” असे म्हणून एखादा वैमानिक गप्प बसला तर त्याला आपण शहाणा म्हणू काय? चाचणीची वेळ हीच सांगण्याची वेळ.

येथे तुम्ही विचाराल, की बनविणारे स्वतः तपासणी करीत नाहीत का? करतात. प्रत्येक बदलानंतर संगणकच शेकडो चाचण्या आपोआप घेतो. पण चाचणी सापडवते ते यादीत लिहिलेलेच. हे समजायला नाशिकच्या द्राक्षबागेत जाऊ या. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचे नमुने आधी प्रयोगशाळेत तपासले जातात; कोणत्या औषधाचा अंश उरला आहे का, ते पाहण्यासाठी रसायनांची ठरलेली यादी असते. २०१० साली आपली द्राक्षे येथील तपासणीत उतरली आणि युरोपात नाकारली गेली. वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश त्यांत मर्यादेपेक्षा अधिक निघाला. बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. हे रसायन आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते! बागायतदारांना मोठा फटका बसला, आणि त्यानंतर ते यादीत आले. आज्ञावलींच्या बाबतीतही असेच घडते. कोणीतरी पीछेहाट कळवतो, ती दुरुस्त होते आणि तिच्यासाठी एक नवी चाचणी यादीत कायमची दाखल होते. तुमची एक नोंद म्हणजे पुढच्या सर्व आवृत्त्यांवर बसविलेला एक पहारेकरी.

आता नाशिकचेच विद्यार्थी का? याचे कारण असे, की प्रत्येक जण आपल्या परिस्थितीत जे वापरतो तेच त्याच्याकडून तपासले जाते. बनविणाऱ्यांकडे बहुधा नवे, वेगवान संगणक असतात आणि त्यांच्या फाइलींची नावे इंग्रजीत असतात. तुमच्या शाळेतला संगणक जुना असेल, त्याची स्मरणक्षमता कमी असेल, आणि तुम्ही फोल्डरला ‘विज्ञान प्रकल्प’ असे सरळ मराठी नाव दिले असेल. हा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. अँड्रॉइड फोनवरील अॅप्सची बांधणी ‘ग्रेडल’ या मुक्त-स्रोत साधनाने करतात. विंडोज प्रणालीवर प्रकल्पाच्या फोल्डरच्या मार्गात इंग्रजी लिपीबाहेरची अक्षरे आली, तर बांधणी बहुधा फसेल, असा इशारा देण्याची सोय त्या व्यवस्थेत करून ठेवावी लागली आहे. मराठी नावाचे फोल्डर काल चालत होते आणि उद्याच्या आवृत्तीत चालेनासे झाले, तर ते कॅलिफोर्नियात किंवा बर्लिनमध्ये कोणाच्या लक्षात येणार? ते लक्षात येईल तुमच्या. तुम्ही बोलला नाहीत तर आवृत्ती बाहेर पडेल, आणि पुढे मराठी मुलांना सांगितले जाईल, की नावे इंग्रजीतच द्या!

मग कळवायचे कसे? “नवी आवृत्ती चालत नाही, लवकर दुरुस्त करा,” ही तक्रार झाली. तिचा उपयोग नाही. उपयोगी नोंदीत चार गोष्टी हव्यात. मी नेमके काय केले. काय व्हायला हवे होते. प्रत्यक्षात काय झाले. आणि कोणत्या आवृत्तीपर्यंत ते नीट होत होते. यांतली चौथी गोष्ट सर्वांत मोलाची, कारण तिच्याविना पीछेहाट सिद्धच होत नाही. त्यासाठी जुनी आणि नवी आवृत्ती एकाच संगणकावर, त्याच फाइलींवर चालवून पाहावी. बाकी सारे तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा नियम तुम्ही शाळेत शिकलाच आहात. आपला प्रकल्प कापत कापत इतका लहान करावा, की दोनतीन फाइलींतही बिघाड दिसेल. संगणकाने दाखविलेला संदेश जसाच्या तसा उतरवावा. त्याचा सारांश देऊ नये. आवृत्तीचा क्रमांक लिहावा. नोंद उघड्यावर राहणार असल्याने तीत आपले परवलीचे शब्द किंवा घरचा पत्ता जाऊ देऊ नये. आणि हाच दोष कोणी आधी कळविला आहे का, ते पाहून मगच लिहावे.

याहून पुढे जायची हौस असेल तर थोडे गणितही कामी येते. समजा, जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या दरम्यान एकामागून एक १००० बदल झाले आहेत आणि त्यांतला एक दोषी आहे. एकेक तपासत गेलात आणि प्रत्येक चाचणीला ५ मिनिटे लागली, तर ५००० मिनिटे, म्हणजे ८३ तासांहून अधिक वेळ जाईल. त्याऐवजी मधला ५०० वा बदल तपासा. तेथे काम नीट होत असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात आहे, नसेल तर मागच्या. राहिलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य घ्या. दर वेळी निम्मे बदल बाद होतात. २ चा दहावा घात १०२४, म्हणून साधारण १० चाचण्यांत, ५० मिनिटांत, दोषी बदल हाती लागतो! लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली सुरू केलेल्या ‘गिट’ या साधनात अशा शोधासाठी तयार आज्ञाच आहे.

लहानशा फरकाकडे लक्ष दिल्याने केवढे अरिष्ट टळू शकते, याचे उदाहरण २०२४ सालचे आहे. आंद्रेस फ्रॉइंड हे संगणकतज्ज्ञ ‘डेबियन’ या मुक्त प्रणालीची अजून पक्की न झालेली आवृत्ती वापरीत होते. दूरच्या संगणकाशी जोडणी करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, असे त्यांना आढळले. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी खांदे उडविले असते. त्यांनी माग काढला, तेव्हा फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्स-झेड’ या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मुद्दाम चोरवाट ठेवल्याचे उघड झाले. ती चोरवाट बांधणीच्या आज्ञांत दडविलेली होती. बांधणी होताना गुपचूप आत शिरत होती. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी हे जगापुढे मांडले, आणि बहुतेक पक्क्या प्रणालींत ती पोहोचण्यापूर्वीच थोपविली गेली. हा घातपात होता, साधी पीछेहाट नव्हे, हे खरे. पण तो पकडला गेला तो “काल इतका वेळ लागत नव्हता” या साध्या निरीक्षणावरून. सुरक्षिततेला धोका असा काही दोष दिसला, तर मात्र तो चारचौघांत न मांडता आधी संबंधितांना खाजगीत कळवावा.

या कामात नम्रता हवी. मुक्त-स्रोत साधने सांभाळणारे कितीतरी लोक नोकरी सांभाळून, विनामोबदला हे काम करतात. कधी ते उत्तर देतील, की हा बदल आम्ही विचारपूर्वक केला आहे. कधी दोष तुमच्याच फाइलीत निघेल. त्यात कमीपणा नाही. निरीक्षण खरे असले म्हणजे झाले. इंग्रजी कच्चे असल्याची भीतीही नको. छोटी वाक्ये, क्रमांक आणि जसाच्या तसा संदेश एवढ्यावर भागते.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. आपल्या प्रयोगशाळांत एक वाईट खोड रुजली आहे. लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९.८ च्या जवळ आले नाही, तर मुले शेजारच्याची वही पाहून आकडे जुळवून टाकतात, आणि कित्येकदा त्याकडे काणाडोळा होतो. ज्याला दिसलेले लिहायची सवय नाही, तो उद्या यंत्रातला बिघाडही लपवील. म्हणून न जुळलेले पण प्रामाणिक निरीक्षण लिहिणाऱ्याला गुण द्या. संगणकाच्या तासाला एखाद्या मुक्त-स्रोत साधनाची चाचणी-आवृत्ती, कामाच्या फाइली नसलेल्या संगणकावर, वर्गाकडून तपासून घ्या. दहा मुलांना दहा निरनिराळी मराठी नावे देऊन बांधणी करायला सांगा, आणि काय होते ते वहीत लिहू द्या.

आणि विद्यार्थ्यांनो, काही बिघडलेले दिसले तर “आपले नशीब” म्हणून संगणक बंद करू नका. काल काय चालत होते आणि आज काय चालत नाही, ते नीट तपासा, थोडक्यात लिहा आणि वेळेवर कळवा. ते साधन जसे त्यांचे आहे, तसेच तुमचेही आहे.