चुकारा बाकी आहे



या अंकात कापसाच्या भावावर लिहायचे ठरले होते. भावाचा विषय आपल्या अंकातून कधी सुटत नाही, पुढेही सुटणार नाही. या वेळी मात्र एका म्हाताऱ्या शिपायाबद्दल लिहितो. वाचून झाले की हा विषय आपला आहे की परका, ते तुम्हीच ठरवा.

गोष्ट २००० सालच्या आसपासची. मी नागपूरच्या कृषी महाविद्यालयात शिकत होतो. सुट्टीत गावी गेलो की दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या ओट्यावर एक म्हातारा येऊन बसायचा. हातात कापडी पिशवी, पिशवीत मेणकापडात गुंडाळलेले डिस्चार्ज बुक. गाव त्यांना 'मिलिटरीवाले बाबा' म्हणायचे. १९४२ साली कामठीच्या छावणीत भरती झालेले, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाऊन आलेले, १९४६ साली घरी परतलेले. तीन-साडेतीन एकर कोरडवाहू वावर, निम्म्यात पऱ्हाटी, निम्म्यात जवारी. पाऊस दगा द्यायचा त्या वर्षी तेही नाही. सत्तरी ओलांडल्यावरही दुसऱ्याच्या वावरात रोजाने निंदायला जाताना मी त्यांना पाहिले आहे.

"बापू, तू शिकला आहेस. एवढा एक अर्ज लिहून दे."

असे किती अर्ज लिहिले, त्याची मोजदाद नाही. उत्तरे मात्र ठरलेली. नोकरी पंधरा वर्षे झालेली नाही, सबब पेन्शन बसत नाही. मदतीची दुसरी योजना कुणी सांगितली, तिचा अर्ज केला. तेव्हा कचेरीतल्या बाबूने सांगितले की डिस्चार्ज बुकातले नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळत नाही. जुळणार कसे? भरतीच्या दिवशी पलटणीच्या कारकुनाने बापाचे नाव आडनावाच्या जागी लिहिले आणि म्हाताऱ्याला अक्षरओळख नव्हती. दोन्ही नावांचा माणूस एकच आहे, असे प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले. बाबा माझ्याकडे आले. माझी परीक्षा तोंडावर होती. "बाबा, परीक्षा झाली की तहसीलला जाऊ," असे मी म्हणालो. परीक्षा झाली, मी गावी आलो, तेव्हा बाबांची तेरवीही होऊन गेली होती.

कचेरीचा दोष मी सांगतो तसा माझाही सांगतो. एका दिवसाचे काम होते.

हे बाबा एकटे नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या फौजेत सुमारे २५ लाख माणसे होती. त्यांतली बहुतेक शेतकऱ्याची, शेतमजुराची पोरे. लढाई संपली, गरज संपली, लाखोंना थोडी रक्कम हातावर ठेवून घरी पाठवले. आपल्या भागाला हा अनुभव त्याहून जुना आहे. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महार समाजाची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडूनही टाकली. दुसरे महायुद्ध आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठपुरावा केला आणि १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी १९४२ साली इथे, कामठीला. गरज पडली की पायघड्या, गरज सरली की आपल्या वाटेने जा. कापूस उत्पादकाला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही.

आता मूळ प्रश्न. पेन्शन म्हणजे काय? कचेरीत बाबू फाईल सरकवतो तेव्हा त्याचा चेहरा असा असतो की पदरचे दान देतो आहे. मागणाराही हात जोडून उभा राहतो. दोघांचाही समज चुकीचा आहे.

आपल्याकडे कापूस एकाधिकार खरेदी होती तेव्हाचा व्यवहार आठवा. कापूस घातला की सगळे पैसे त्याच दिवशी मिळत नसत. काही रक्कम आधी, काही मागून, काही कपात होऊन निधीत जमा. तो मागचा चुकारा म्हणजे सरकारची भेट होती का? नाही. आपल्याच कापसाची ती थकलेली किंमत होती. शिपायाची पेन्शन अशीच आहे. उमेदीच्या वर्षांत त्याने घातलेल्या मालाचा तो मागचा चुकारा आहे. त्याचा माल म्हणजे त्याचे तारुण्य, आणि काहींच्या बाबतीत हात-पाय.

हे मी पदरचे सांगत नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा यांच्या खटल्यात निकाल दिला. यशवंतराव चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नव्हे, आधी केलेल्या कामाचा तो मोबदला आहे, असे पाच न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले. निकाल झाला तेव्हा आमचे बाबा गावातच होते. त्यांच्यापर्यंत तो पोचवायला कुणी गेले नाही.

आणि पोचवला असता तरी पंधरा वर्षांची अट आडवी होतीच. शिपायाला सेवेचे पेन्शन मिळायला साधारण पंधरा वर्षे नोकरी लागते. चार वर्षे लढलेल्या माणसाचा चुकारा शून्य. त्याच्यासाठी केंद्रीय सैनिक मंडळाची एक मदत आहे. पेन्शन नसलेल्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या, ६५ वर्षांवरील माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला ती मिळते. दरमहा ४,००० रुपये होती. २०२५ च्या ऑक्टोबरात संरक्षण मंत्रालयाने ती ८,००० केली, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना. वाढ झाली हे चांगलेच झाले. पण या मदतीचे नाव काय? दारिद्र्य अनुदान. पैसा येतो ध्वजदिन निधीतून, ज्याचे डबे ७ डिसेंबरला शाळेत फिरतात. म्हणजे शिपायाने आधी आपण कंगाल असल्याचे सिद्ध करायचे आणि मग वर्गणीतून घ्यायचे. देणे बरोबर आहे, खाते चुकीचे आहे. हे कर्जाच्या खात्यातून आले पाहिजे, दानाच्या नव्हे.

दुसऱ्या देशात काय झाले, तेही पाहा. पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांना १९२४ साली बोनसचे कागद दिले, पैसे मात्र १९४५ साली मिळणार होते. मंदी आली, कामे गेली, शेते लिलावात निघाली. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बायकापोरांसह राजधानी वॉशिंग्टनला जाऊन झोपड्या टाकून बसले. २८ जुलै १९३२ रोजी त्यांच्याच फौजेने, जनरल मॅकआर्थरच्या हुकमाखाली, अश्रुधूर सोडून त्यांना हुसकले. झोपड्या जळाल्या. पण माणसे हटली तरी मागणी हटली नाही. १९३६ साली राष्ट्राध्यक्षाचा विरोध डावलून तिथल्या संसदेने पैसे दिले. पुढे १९४४ साली, लढाई चालू असतानाच, घरी येणाऱ्या सैनिकाला शिक्षण, घर आणि शेतीचे कर्ज देणारा कायदा झाला. त्याच युद्धातून आमचे बाबा परतले ते थेट वावरात. फरक देशांच्या श्रीमंतीचा आहेच. पण एकटा माणूस अर्ज करतो आणि हजार माणसे हिशेब मागतात, हाही फरक आहे.

कुणी म्हणेल, अटी सैल केल्या तर खोटे लोक घुसतात. खरे आहे. बीड जिल्ह्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामात नसलेल्या माणसांनी स्वातंत्र्यसैनिकाचे पेन्शन उचलल्याच्या तक्रारी झाल्या, चौकशी झाली आणि प्रकरण २००५ साली सर्वोच्च न्यायालयात गाजले. पण त्यातून धडा कोणता घ्यायचा? खोट्याला वशिला असतो, त्याचे कागद चोख असतात. खऱ्याचे कागद वाळवीने खाल्लेले असतात, नाव चुकलेले असते. कागदाची अट जितकी कडक, तितका खरा बाहेर आणि खोटा आत. याच न्यायालयाने २००१ साली गुरदयाल सिंग यांच्या खटल्यात सांगितले की स्वातंत्र्यसैनिकाकडून फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नये, शक्यता पाहून ठरवावे. हा न्याय म्हाताऱ्या शिपायालाही लागला पाहिजे.

आता आजच्या पोरांकडे या. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी. शंभरातले पंचवीस पुढे राहतील, बाकीचे घरी. जाताना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये, त्यांतला निम्मा वाटा त्याच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही. कामठीच्या गार्ड्स केंद्रात आज ही पोरे कवायत करतात. रक्कम १९४६ पेक्षा मोठी आहे, हे कबूल. पण दोन बहिणींची लग्ने आणि एक कोरडी विहीर यांत ती किती दिवस टिकेल, ते तुम्हाला माहीत आहे. साठ वर्षांनी त्यांच्यातला एखादा पिशवी घेऊन कुणाच्या ओट्यावर बसणार नाही, याची हमी कुणी दिली आहे?

आणि ही पोरे फौजेत जातात तरी का? देशावर प्रेम असतेच. पण वावरात भागत नाही, हेही कारण आहे. जवारी-कापसाला भाव असता तर भरतीच्या मैदानावर पहाटे तीनपासून रांग लागली नसती. शिपाई आणि शेतकरी ही एकाच घरातली दोन माणसे आहेत. वावरात राहिलेल्याच्या म्हातारपणाचा हिशेब तर सरकारने मांडलेलाच नाही. निराधाराच्या अनुदानासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे, अशी अट वर्षानुवर्षे राहिली. दिवसाला साठ रुपयेही नाहीत. एवढ्यात जगणारे कुटुंब तहसीलदाराने कुठे पाहिले? अट खरी पाळायची तर उपाशी मरावे लागते आणि जगायचे तर खोटा दाखला आणावा लागतो.

म्हणून या जिल्हा बैठकीत तीन गोष्टी ठरवू.

पहिली, प्रत्येक शाखेने आपल्या गावात पेन्शन नसलेला माजी सैनिक किंवा त्याची विधवा आहे का, याची यादी करावी. १९६५ आणि १९७१ च्या लढाईतली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. डिस्चार्ज बुक, आधार, बँकेचे पासबुक यांच्या नकला काढून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. डिस्चार्ज बुक हरवले असेल तर पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला लिहावे. महार रेजिमेंटचे सागरला, मराठा पलटणीचे बेळगावला, गार्ड्सचे कामठीला. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकावा.

दुसरी, नाव जुळत नसेल, किंवा राबून राबून बोटाचे ठसे झिजले म्हणून यंत्र अंगठा घेत नसेल, तर त्या म्हाताऱ्याला एकट्याने पाठवू नका. शाखेचा एक शिकलेला पोरगा सोबत जावा.

तिसरी, मागणी नेमकी करावी. लढाईत उतरलेल्या प्रत्येक शिपायाला, नोकरी किती वर्षे झाली हे न पाहता, पेन्शन हक्क म्हणून मिळावे.

यादी पुढच्या बैठकीला आणा, महिना उलटू देऊ नका. आणि प्रतिज्ञापत्राचे काम निघाले तर त्याच आठवड्यात करा. मी परीक्षेनंतर करू म्हणालो होतो.