जोडी मोटरींची



या सदरात आपण धानाचे पऱ्हे, खोडकिडा, युरियाचे हप्ते असे विषय घेत आलो आहोत. आजचा विषय वाचून काहींना हसू येईल. पण तो आपल्याच बांधावर निघालेला आहे, म्हणून घेतो.

आमगाव तालुक्यातील एका गावी धानाची पाहणी करून बसलो होतो. एक शेतकरी म्हणाले, “साहेब, पोरगा इंजिनिअरिंगला आहे. लढणारा रोबोट बनवतो म्हणते. मोटरीले पैसे मागते. धानाचे पैसे का खेळण्यात घालू?” पोरगा शेजारीच मान खाली घालून उभा होता. मी विचारले, “कोणती मोटर घेणार?” तो म्हणाला, “सगळ्यांत जास्त फेऱ्यांची.”

बाप पैशाला भीत होता आणि पोरगा चुकीच्या मोटरीला भीत नव्हता. दोघांशीही बोलणे भाग होते.

मोटरीच्या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो आहे. नोकरीची पहिली वर्षे होती. गोंदिया जिल्हा १९९९ साली झाला, त्याआधीची ही गोष्ट. तेव्हा हा सारा मुलूख भंडाऱ्यातच होता. एका शेतकऱ्याचा पंप पाच हॉर्सपॉवरचा होता आणि मोटर जळाली होती. जुनी तीनची मोटर स्वस्तात मिळत होती. “हंगामापुरती चालवा,” असे मी म्हणालो. उन्हाळी धान निसवत असतानाच ती मोटर जळाली. वाइंडिंग होऊन येईपर्यंत बांधीला भेगा पडल्या आणि लोंब्या पोचट राहिल्या. तो शेतकरी मला एक शब्दही बोलला नाही. ते अजून लागते. म्हणून मोटरीचा प्रश्न लहान मुलाने विचारला तरी मी हसत नाही.

आता हा खेळ काय, ते आधी पाहू. दोन यंत्रे बंद पिंजऱ्यात सोडतात. मुले बाहेरून रिमोटने ती चालवतात. एकमेकांना ढकलणे, उलटवणे, बंद पाडणे, असा दोन-तीन मिनिटांचा सामना असतो. अमेरिकेत १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोला अशी स्पर्धा भरली, पुढे १९९८ पासून इंग्लंडच्या बीबीसीने ती टीव्हीवर दाखवली. आपल्याकडे मुंबईला पवईच्या आयआयटीचा ‘टेकफेस्ट’ हा उत्सव १९९८ साली सुरू झाला. तेथील रोबोवॉर पाहायला मोठी गर्दी लोटते. यंत्रांचे वजनावरून गट असतात, जसे कुस्तीत असतात.

शंकरपट ज्याने पाहिला आहे त्याला मोटर निवडणे अवघड नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली होती, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि पट पुन्हा भरू लागले. पटाची जोडी वेगळी आणि चिखलणीची जोडी वेगळी, हे आपल्याला सांगावे लागत नाही. पटाचा बैल चिखलात घातला तर दुपारपर्यंत बसेल. चिखलणीचा रेडा पटात धावणार नाही. मोटरीचेही तसेच आहे. फेरे जास्त असले की जोर कमी, जोर जास्त असला की फेरे कमी. मधला मेळ गिअर घालतो. म्हणून रोबोटच्या चाकाला नुसती मोटर कधी लावू नये, गिअरची मोटर घ्यावी.

पहिला हिशेब वेगाचा. समजा चाक १० सेंटिमीटर व्यासाचे आहे. एका फेऱ्यात ते सुमारे ३१ सेंटिमीटर जाते. मोटर मिनिटाला ३०० फेरे देत असेल तर मिनिटाला ९४ मीटर, म्हणजे तासाला साडेपाच किलोमीटरच्या वर. माणसाच्या झपझप चालण्याइतका हा वेग झाला. पहिल्या रोबोटला तो पुरे. पोराला मिनिटाला हजार फेऱ्यांची मोटर हवी होती. त्याच चाकावर तो वेग तासाला जवळजवळ १९ किलोमीटर होतो. पिंजरा आपल्या अंगणाएवढा. पोरगा रिमोट दाबेपर्यंत रोबोट भिंतीवर आदळलेला असेल.

दुसरा हिशेब जोराचा, आणि हाच महत्त्वाचा. चिखलात ट्रॅक्टर अडकला की चाक जागच्या जागी फिरते. आपण वैतागतो, पण इंजिन वाचते. रोबोटमध्ये नेमके हेच साधायचे आहे. समोरचा अडला तर चाक घसरले पाहिजे, मोटर थांबता कामा नये. वीज चालू असताना थांबलेली मोटर सर्वांत जास्त करंट ओढते आणि तापून जळते. विहिरीवरची मोटर अडून नुसती हूं-हूं करू लागली की आपण धावत जाऊन स्टार्टर बंद करतो. इथे तसे धावत जाता येत नाही.

आता आकडे घ्या. रोबोट ८ किलोचा आहे, दोन चाके मोटरीवर आहेत आणि सारे वजन जवळजवळ त्याच चाकांवर आहे. रबरी चाकाची पकड हिशेबासाठी वजनाच्या दहापैकी आठ हिस्से धरा. म्हणजे ६.४ किलोचा जोर लागला की चाके घसरतील. एका चाकाच्या वाट्याला ३.२ किलो. चाकाची त्रिज्या ५ सेंटिमीटर, म्हणून मोटरीला १६ किलो-सेंटिमीटरचा पीळ द्यावा लागेल. यालाच दुकानदार टॉर्क म्हणतात. मोटर अगदी थांबते त्या वेळचा टॉर्क, त्याला ते स्टॉल टॉर्क म्हणतात, तो याच्या किमान दुप्पट, म्हणजे ३२ असावा. तेवढ्या जोराची मोटर मिळाली नाही तर दोन वाटा आहेत. चार मोटरी लावल्या तर प्रत्येकीचा भार निम्मा होतो. किंवा चाक ७ सेंटिमीटरचे घ्यावे. मग १६ च्या जागी ११ चा पीळ पुरतो आणि वेग तासाला चार किलोमीटरवर येतो.

दुकानात कागद मागावा. त्यावर व्होल्ट, भार नसतानाचे फेरे, स्टॉल टॉर्क आणि मोटर थांबल्यावर ती ओढते ते अँपिअर, हे चार आकडे हवेत. चौथा आकडा मुले विसरतात. वेग सांभाळणारे सर्किट, तारा आणि बॅटरी यांना तो करंट सोसला पाहिजे, नाहीतर मोटर वाचेल आणि सर्किट जळेल. आकडे नसलेली मोटर म्हणजे सातबारा नसलेली जमीन.

पिवळ्या प्लास्टिकच्या डबीतल्या मोटरी स्वस्त असतात. त्या शाळेच्या प्रदर्शनाला ठीक. लढाईत त्यांचे दाते पहिल्याच धक्क्यात झिजतात. धातूच्या गिअरची, बाजारात जॉन्सन म्हणून मिळते ती मोटर पहिल्यासाठी बरी. भंगारातली मोटारीच्या वायपरची मोटर जोरकस आणि स्वस्त असते, पण जड आणि हळू. लहान गटात वजन मोटरीतच संपते.

आणखी एक गोष्ट, जोडी सारखी हवी. डावी मोटर एका दुकानाची आणि उजवी दुसऱ्याची असली की एक पुढे ओढते, दुसरी मागे राहते आणि रोबोट गोल फिरतो. एक बैल तगडा आणि एक मरतुकडा असला की जू वाकडे होते, तसेच. दोन लागत असतील तर एकाच प्रकारच्या तीन घ्याव्यात. तिसरी मोडतोडीसाठी. मोटरीच्या दांड्याला थेट धक्का बसू नये म्हणून चाक चौकटीच्या आत ठेवावे.

माता-भगिनींनी पुढचे नीट वाचावे, कारण हे घरात घडते. या रोबोटच्या लिथियम बॅटऱ्या फुगल्या किंवा तारा चिकटल्या तर पेट घेतात. चार्जिंग दगडी फरशीवर, माणूस जवळ असताना करावे. रात्री लावून झोपू नये. धानाचे पुंजणे, तणीस, रॉकेल, अंथरूण जवळ नको. रेतीची बादली शेजारी असू द्यावी. हात लावण्याआधी बॅटरी काढावी, चाके जमिनीपासून उचललेली असावीत. पात्याचे, फिरणारे हत्यार पहिल्या रोबोटला लावूच नये. उतरती पाटी लावून ढकलणारा रोबोट आधी करावा.

आता बापाच्या प्रश्नाचे उत्तर. मी त्यांना म्हणालो, “हिशेब न करता मागितले तर पैसे देऊ नका. हिशेब कागदावर मांडून आणला तर मोटरींपुरते द्या.” पोरगा मुकाट घरात गेला. मी निघायच्या आत वहीचे पान घेऊन आला. वजन, चाक, फेरे, टॉर्क, सारे मांडलेले होते. एका जागी त्याने व्यासालाच त्रिज्या धरले होते. ते दुरुस्त केले.

मग त्या पानाच्या मागच्या बाजूला मी त्यालाच विचारले, “तुमच्या विहिरीवरच्या पंपाला किती हॉर्सपॉवरची मोटर हवी, ते काढ.” पाणी किती खोल, पाइप केवढा, बांध्या किती, हे त्याला बापालाच विचारावे लागले. दोघे विहिरीकडे चालत गेले. मी त्या पोराच्या वयाचा नव्हतो, शिकून नोकरीला लागलेला होतो, तरी असे विहिरीवर जाऊन मोजले नव्हते. मोजले असते तर एका घरचे धान वाचले असते.

पुढच्या आठवड्यात पऱ्ह्यांच्या बीजप्रक्रियेविषयी लिहीन. मिठाच्या पाण्याची तयारी करून ठेवा.