फ्यूज पुन्हा पुन्हा का उडतो?

सौदीत पूर्वी अनेक घरांत १२७ व्होल्टची वीज असे. अमेरिकेत आजही १२० आहे. आपल्याकडे २३०. म्हणून भाईजानने तिकडून आणलेला मिक्सर किंवा टेप आपण कन्व्हर्टरवर चालवतो आणि एक दिवस फ्यूज उडतो. अशा वेळी आधी प्लग काढावा, मग लेबल वाचावे.

लेबलवर '१००–२४० व्होल्ट' असेल तर कन्व्हर्टर नकोच. फक्त ११० किंवा १२० असेल, तर कन्व्हर्टरचे वॅट पाहू. मोटर सुरू होताना जास्त वीज ओढते; ३०० वॅटच्या मिक्सरला निदान ६०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर हवा. इस्त्रीसारख्या तापणाऱ्या वस्तूंसाठीचा हलका कन्व्हर्टर टेप-रेडिओला लावू नये.

कन्व्हर्टर रिकामा लावूनही फ्यूज उडाला, तर दोष कन्व्हर्टरचाच. नवा फ्यूज तितक्याच अँपिअरचा, त्याच प्रकारचा घालू. तार गुंडाळली, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वस्तू जळेल, कदाचित घरही. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर तिसरा न घालता कारागिराकडे जाऊ.

ही वस्तू कुणाच्या तरी परदेशातल्या कष्टांची आहे. तिच्यासाठी दोन मिनिटे लेबल वाचायला काय हरकत आहे?