येडशीचा लँडलाइन नंबर बार्शीत का चालत नाही?

येडशीचा एसटीडी कोड ०२४७२, शेजारच्या बार्शीचा ०२१८४. दुकान बार्शीला हलवलं की मोबाइल नंबर सोबत येतो, लँडलाइनचा मागेच राहतो. कारण तो साधारण तालुक्याएवढ्या कॉलिंग क्षेत्राला, म्हणजे ‘एसडीसीए’ला बांधलेला असतो. देशात अशी सुमारे २,६०० क्षेत्रं आहेत. इंटरनेटवरून लँडलाइन सेवा देणाऱ्या कंपनीलाही प्रत्येक क्षेत्राचे नंबर वेगळे घ्यावे लागतात. मग छोट्या गावांकडे कोण वळणार?

नंबर तालुक्याऐवजी अख्ख्या सर्कलशी जोडावेत, अशी शिफारस ‘ट्राय’ने फेब्रुवारी २०२५ मध्ये केली. ती रास्तच आहे. सध्याचे नंबर त्यात बदलत नाहीत. मात्र गावातल्या गावात लँडलाइनला फोन लावतानाही शून्य आणि कोड दाबावा लागेल. लँडलाइनवरून मोबाइलला लावताना जानेवारी २०२१ पासून शून्य दाबावा लागतोच.