पहिली चूक यंत्रावर होऊ द्या

पाथर्डी तालुक्यातल्या एखाद्या ऊसतोड मजूर बाईला पित्ताशयातल्या खड्यांचा त्रास होतो. ती अहिल्यानगरच्या सरकारी रुग्णालयात येते, शस्त्रक्रिया होते, ती बरी होऊन घरी जाते. अशा शस्त्रक्रियेतला एखादा टप्पा निवासी डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली आयुष्यात पहिल्यांदाच करत असतो. सर्जन आजवर असेच घडले. पण शिकताना होणाऱ्या चुकांची किंमत बहुतेक वेळा गरीब रुग्णच मोजतो, हे मान्य करायला हवे.

रोबोटिक शस्त्रक्रियेमुळे हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करत नाही. सर्जन थोड्या अंतरावर कन्सोलपाशी बसतो, त्रिमितीय चित्र पाहतो आणि त्याच्या बोटांच्या हालचालीप्रमाणे यंत्राचे हात रुग्णाच्या पोटात काम करतात. ही उपकरणे मनगटासारखी वळतात, हाताचा कंपही गाळला जातो. मात्र बहुतेक यंत्रांत स्पर्श कळत नाही. टाका घालताना धागा किती ताणला गेला, हे डोळ्यांनीच ओळखावे लागते. ही नजर पुस्तक वाचून येत नाही आणि ती रुग्णावर कमावणे योग्य नाही.

त्यासाठीच सिम्युलेटर असतो. वैमानिक प्रवासी घेऊन उडण्याआधी जमिनीवर सराव करतो, तसाच हा सराव. येल विद्यापीठाने २००२ मध्ये १६ निवासी डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याआधी निम्म्यांना सिम्युलेटरवर तयार केले होते. त्यांनी पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के लवकर केले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच जागा भाजण्याची शक्यता पाचपट होती. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की सराव ठरावीक तासांचा नव्हता. अनुभवी सर्जनच्या पातळीचे काम जमेपर्यंत तो करावा लागला.

‘जिल्ह्यातल्या डॉक्टरला रोबोट कशाला?’ असे कोणी विचारेल. पण आजचा निवासी डॉक्टर पुढची तीस वर्षे शस्त्रक्रिया करणार आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमानुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावे लागते. शिवाय वैद्यकीय शिक्षण खेड्यातही उभे राहू शकते, हे याच जिल्ह्यातल्या लोणीने १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू करून दाखवले आहे.

कोट्यवधींचा रोबोट प्रत्येक रुग्णालयात लगेच येणार नाही आणि यायची गरजही नाही. सराव मात्र वाटून घेता येतो. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ विभागासाठी एक सराव केंद्र उभारू शकते. अहिल्यानगरच्या निवासी डॉक्टरांनी तिथे पाळीपाळीने जावे, ठरलेली पातळी गाठावी आणि मगच कन्सोलवर बसावे. परतल्यावर साधी पेटी, मोबाइलचा कॅमेरा आणि जुनी उपकरणे घेऊन पडद्याकडे पाहत टाके घालण्याचा सराव वसतिगृहातही चालू ठेवता येतो.

सिम्युलेटरने सगळे साधेल, असे मात्र नाही. अचानक रक्तस्राव झाला तर डोके शांत ठेवणे, वेळीच यंत्र बाजूला सारून पोट उघडायचा निर्णय घेणे आणि बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना खरे काय ते सांगणे, हे वरिष्ठांच्या सोबतीनेच शिकता येते. म्हणून यंत्र घेताना शिकवणाऱ्याचा वेळही त्याच हिशेबात धरायला हवा. नाहीतर सिम्युलेटर कपड्याखाली झाकलेला राहील आणि पहिली चूक पुन्हा पाथर्डीच्या त्या बाईच्या वाट्याला येईल.